रुमालाखालचा भाव

माझं काम होतं गाव विचारायचं.

नगरमध्ये हाडांच्या एका खासगी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीत मी चौदा वर्षं बसलो. नव्वदचं दशक जवळजवळ सगळं त्या खिडकीत गेलं. पेशंट समोर आला की नाव, वय, गाव विचारायचं, पिवळ्या कागदावर लिहायचं, वीस रुपये घ्यायचे आणि बाकावर बसवायचं. बाहेरून पाहणाऱ्याला एवढंच दिसे. खरं काम काय होतं ते आज लिहितो आहे. उशीर झाला आहे हे मला कुणी सांगायला नको.

डॉक्टरांचं नाव लिहिणार नाही. ते आता हयात नाहीत, आणि त्यांचं नाव पुढं केलं की वाचणारा सगळा दोष तिकडं टाकून मोकळा होईल. तसं मला होऊ द्यायचं नाही. कागदावर खूण करणारा हात माझा होता.

खूण कसली ते आधी सांगतो.

आमच्या दवाखान्यात एकाच ऑपरेशनचे तीन भाव होते. ते कुठल्या भिंतीवर लिहिलेले नव्हते. माझ्या टेबलाच्या खणात एक पुठ्ठा असे, त्यावर तीन रकाने. पहिला कोरडवाहूचा, दुसरा बागायतदाराचा, तिसरा नोकरदाराचा. केसपेपरवर गावाच्या नावापुढं मी टिंब दिलं की पेशंट कोरडवाहू. गावाखाली रेघ ओढली की बागायतदार. गावाला गोल केला की नोकरदार, आणि तो सगळ्यांत महाग, कारण नोकरदाराला बिलाचे पैसे सरकारकडून नाहीतर कारखान्याकडून परत मिळतात असा आमचा ठोकताळा. तो कागद पुढं जिथं जिथं जाई तिथं ती खूण बोले. एक्स-रेचा फोटो काढणारा ती बघे, औषधाचं दुकान बघे, खोलीचं भाडंही तिच्यावर ठरे. पेशंटच्या हातातच तो कागद असे. आपला भाव आपणच हातात धरून तो या दारातून त्या दारात फिरे आणि त्याला पत्ता नसे.

डॉक्टर हात तपासत, फोटो उजेडाला धरून बघत, ऑपरेशन लागेल म्हणत. खर्चाचं विचारलं की हसून म्हणत, "ते अण्णा सांगतील." अण्णा म्हणजे मी. पैशाचा शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाला नाही. लोक बाहेर येऊन म्हणत, देवमाणूस आहे, पैशाचं नावसुद्धा काढत नाही!

मी त्यांना एकदा भीत भीत म्हणालो होतो, की भाव बोर्डावर लिहून टाकू, माझी रोजची कटकट वाचेल. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडं पाहिलं. म्हणाले, "बोर्ड लावला की मी दुकानदार होईन, अण्णा." मला ते वाक्य त्या वेळी फार मोठं वाटलं. पुढं कळलं की दुकानदार बरा. गिऱ्हाइकाचं धोतर बघून साखरेचा भाव बदलत नाही तो.

आता गाव कसं विचारायचं, तेही सांगतो. 'जमीन किती?' असं थेट कधी विचारायचं नसतं. माणूस लगेच आखडतो. 'काय म्हणतोय पाऊस?' असं विचारायचं. मी शेवगाव तालुक्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा, हे बोलणं मला आयतं येत होतं. विहिरीला पाणी किती, ज्वारी कशी काय, ऊस कुठल्या कारखान्याला जातो. तीन प्रश्नांत माणूस मोकळा होई आणि माझ्या हाताला खूण मिळे. शहरात एवढ्या आपुलकीनं विचारणारं कुणी भेटलं म्हणून म्हाताऱ्या बायका माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडत. माझ्या गोड बोलण्याचं दवाखान्यात कौतुक होतं. दिवाळीला इतरांना एक पगार मिळे, मला दीड.

या कलेचा मला गर्व होता. खोटं कशाला बोलू? एकदा पुणतांब्याचे एक आजोबा गुडघा धरून आले. फाटकी बंडी, तीन ठिकाणी शिवलेलं धोतर, पायात टायरच्या चपला.

"काय करता, बाबा?"

"काय करनार! दुसऱ्याच्यात रोजानं जातो."

"एसटीनं आलात?"

"मंग काय इमानानं येऊ?"

माझं पेन टिंबावर टेकलं होतं. तेवढ्यात आजोबा शेजारच्या माणसाकडं वळून म्हणाले, "लवकर उरकलं पायजे बाबा. परवा आवर्तन सुटायचंय आन् दारं धरायला गडी न्हाई."

आवर्तन म्हणजे पाटाला ठरावीक दिवसांनी सुटणारं पाणी. दारं धरणं म्हणजे ते पाणी वाफ्यावाफ्यात वळवणं. ज्याच्या रानाला पाट आहे त्यालाच त्याचा घोर. आणि ज्याला दारं धरायला गडी लागतो, तो दुसऱ्याच्यात रोजानं जात नाही. मी टिंब न देता सावकाश रेघ ओढली. दोन दिवसांनी बिल हातात पडल्यावर आजोबा माझ्याकडं बघतच राहिले.

"आरं, तू तर माझा सातबाराच काढला की रं!"

"गाडी कुठं लावलीय, बाबा?"

"त्या पल्याडच्या चौकात," म्हणून ते पोट धरून हसले. "चल, सोडतो तुला घरी."

हा किस्सा मी कितीतरी वर्षं लग्नाकार्यात रंगवून सांगितला. लोक हसत. आज तो आठवला की मला त्या धोतराला घातलेले टाके दिसतात. ऐंशी एकरांचा धनी गुडघ्याला ठणका लागलेला असताना घरात फाटकं धोतर शोधत बसला होता. का? तर आपला भाव आपल्या अंगावरच्या कपड्यांवरून ठरतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं. याला आम्ही व्यवहार म्हणत होतो.

सुटीचं तर विचारूच नका. ही सूट म्हणजे बिलातली सूट. भाव मुळात चढवून सांगायचा आणि घरी जाताना पाचशे-हजार कमी करायचे. त्याचाही रिवाज ठरलेला. पेशंटनं दोन दिवस विनवण्या करायच्या, मी 'साहेबांना विचारतो' म्हणून आत जायचं, पाणी पिऊन बाहेर यायचं आणि सांगायचं, 'तुमच्यासाठी साहेबांनी सोडले बरं का.' लोक डॉक्टरांच्या पाया पडत. स्वतःच्याच पैशातले स्वतःला परत मिळाले म्हणून पाया पडत! मी तिथंच उभा असे. मला कधी हसू आलं नाही, हीच काय ती माझी माणुसकी.

आणि चिठ्ठी. गावातल्या डॉक्टरची चिठ्ठी आणली की सवलत मिळते अशी लोकांची समजूत. उलट होतं. चिठ्ठी पाठवणाऱ्याचा वाटा असे, तो पेशंटच्याच बिलात चढे. चिठ्ठीवाला पेशंट बिनचिठ्ठीच्या पेशंटपेक्षा महाग पडे. आणि लोक ती चिठ्ठी देवाच्या अंगाऱ्यासारखी खिशात जपून आणत.

या चौदा वर्षांत मला तोंडावर बोलला असा एकच माणूस. घोडेगावच्या बाजारात बैलांची दलाली करणारा. बैलानं उडवल्यामुळं खांद्याचं हाड मोडलेलं, तरी तोंड चालूच.

"भाव काय, अण्णा?"

"डॉक्टर बघतील, मग सांगतो."

"म्हंजे आधी तुमी मला बघनार, मंग भाव बघनार. पाऊसपान्याचं कशापायी इचारता? आमी बी बैलाचे दात मोजताना मालकाला पाऊसपान्याचंच इचारतो."

बाकावरचे लोक कान टवकारून ऐकायला लागले. तो आणखीच खुलला. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दलाल आणि गिऱ्हाईक एका रुमालाखाली हात घालतात आणि बोटं दाबून भाव ठरवतात. चारचौघांना कळत नाही, पण त्या दोघांना कळतं. तो खांदा धरून म्हणाला, "आमच्यात रुमालाखाली दोघांची बी बोटं असत्यात, अण्णा. तुमच्या रुमालाखाली तुमची एकट्याचीच."

सगळे हसले. मीही हसलो. आणि हसता हसता त्याच्या गावाखाली रेघ ओढली.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं, ते.

पंच्याण्णव किंवा शहाण्णव साल असेल. दसरा होऊन गेला होता. सकाळी दहाच्या सुमाराला खिडकीशी तिघं आली. पुरुष चाळिशीचा, अंगात काळा कोट, पांढराशुभ्र इस्त्रीचा शर्ट, हातात घड्याळ. बायकोच्या गळ्यात सोन्याची बोरमाळ. मधे सतरा वर्षांची मुलगी, उजवा हात ओढणीच्या झोळीत, कोपर सुजून लालभडक. पेरूच्या झाडावरून पडली होती.

"नाव?"

"वैशाली गौतम निकाळजे."

"गाव?"

"खर्डा," बाप म्हणाला. "जामखेड तालुका."

जामखेड म्हणजे दुष्काळी मुलूख. माझं पेन सवयीनं टिंबाकडं गेलं. मग मी कोट पाहिला, बोरमाळ पाहिली, आणि आडनाव पुन्हा एकदा वाचलं. इथं मला जे वाटलं ते तसंच्या तसं लिहितो, कारण ते लपवलं तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. मला वाटलं, बौद्ध समाजाचा माणूस, अंगात कोट, म्हणजे सरकारी नोकर असणार. यांच्यात आता शिकून नोकरीला लागलेले पुष्कळ. असा एक तयार साचा माझ्या डोक्यात होता, आणि समोरचा जिवंत माणूस मी त्यात कोंबला.

"नोकरी कुठं?"

"पीडब्ल्यूडीत हाय मी," तो ताठ मानेनं म्हणाला.

मी खर्ड्याला गोल केला. पुढं काही विचारलं नाही. पाऊसपाण्याचंही नाही. त्यानं खिशातून गावच्या डॉक्टरची चिठ्ठी काढून दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरली. तीही मी कागदाला टाचली.

मुलगी म्हणाली, "काका, हात सरळ होईल ना? माझा नर्सिंगला नंबर लागलाय. पुढच्या महिन्यात डॉक्टरी तपासणी हाय."

"होईल की! का नाही होणार?" मी म्हणालो. गोड बोलायचा पगार होताच मला.

डॉक्टरांनी फोटो पाहून सांगितलं की कोपराचं हाड सरकलंय, तार घालून बसवावं लागेल, आणि तेही दोन-तीन दिवसांत. नाहीतर कोपर कायमचं आखडेल. खर्च अण्णा सांगतील.

अण्णांनी तिसरा रकाना वाचला. सात हजार. चार हजार आधी भरायचे.

निकाळजेच्या बायकोनं बोरमाळ मुठीत धरली आणि खाली बघितलं. मला वाटलं, आता घासाघीस सुरू होईल. त्यावर काय बोलायचं तेही माझ्या ओठांवर तयार होतं. पण त्यानं कोटाची बटणं लावली, केसपेपरची नीट घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाला, "बरं. पैशे घिऊन येतो." मुलीनं दारातून एकदा वळून पाहिलं. मी पुढच्या माणसाला गाव विचारलं.

ती माणसं परत आली नाहीत. तेवढं मनाला लावून घ्यायची सवय मला नव्हती.

पहिल्या रकान्यात त्या ऑपरेशनचे अडीच हजार लिहिलेले होते. औषधं, फोटो, खोली, चिठ्ठीचा वाटा सगळं धरून.

दोन उन्हाळे गेले. दवाखान्यासमोरच्या रस्त्याचं डांबरीकरण चाललं होतं. भर दुपारी, खिडकीवर गर्दी नसताना एक माणूस पाणी मागायला आला. पायाला पोत्याची फडकी बांधलेली, गुडघ्यापर्यंत डांबर, तोंड उन्हानं काळंठिक्कर. मी तांब्या पुढं केला. तो वरून धार धरून गटागटा प्याला, तोंड पुसलं आणि हसला.

"साह्येब, वळखलं न्हाई का? खर्ड्याचा. पोरीचा हात घिऊन आल्तो."

मला आधी कोट आठवला. मग माणूस. मी विचारलं, "तुम्ही तर पीडब्ल्यूडीत होता ना?"

"ह्योच की पीडब्ल्यूडी," तो रस्त्याकडं बोट दाखवून म्हणाला. "मस्टरवर हाय, रोजंदारीनं. तिकडं काम न्हाई म्हनून गँग हिकडं आनलीय."

"आणि तो कोट?"

"कोट शाळंतल्या गुर्जींचा. घड्याळ बी त्यांचंच. बोरमाळ शेजारच्या काकूंची. शहरात मोठ्या दवाखान्यात जायचं तर नीटनेटकं जावं म्हनलं. गबाळं गेलं तर लोक उभं करत न्हाईत, आमाला तर आधीच न्हाईत." तो सहज बोलत होता, गाऱ्हाणं म्हणून नाही. "तुमी सात हजार म्हनले. अंगावर दुसऱ्याचा कोट घालून 'साह्येब, गरीब हाय' म्हनायचं तरी कसं? लाज वाटली."

"किती होते जवळ?"

"तीन हजार. दोन शेळ्या इकल्या हुत्या, आन् पोरीच्या नर्सिंगचं साठवलेलं हुतं."



"सरकारी दवाखान्यात का नाही गेलात?"

"डोकंच चालंना. आमच्या डॉक्टरनं सांगितलं हुतं, हात वाचवायचा तर चिठ्ठी घिऊन हितंच जा. हितं सात हजार म्हंजी मोडका हात सगळीकडं सातलाच बसत आसंल, असं वाटलं. आमाला काय ठावं? मंग वळखीचा हाड बसवनारा हुता, त्याच्याकडं नेली. बसलं न्हाई. हात काटकोनातच ऱ्हायला. तपासनीत बाद केली पोरीला." तो म्हणाला, "डाव्या हातानं जेवती. उजवा तोंडापतुर पोचत न्हाई. पंगतीला येत न्हाई मंग ती."

बाहेरून मुकादमानं हाक मारली. निकाळजेनं तांब्या खाली ठेवला. "लई गार पानी हाय साह्येब," म्हणाला आणि उन्हात गेला.

त्या वेळी मी बोलायला हवं होतं. एकच वाक्य होतं. 'तुमचा भाव अडीच हजारच होता.' पण ते बोललो असतो तर पुढचा प्रश्न आला असता, आणि त्याला उत्तर देताना मला खणातला पुठ्ठा बाहेर काढावा लागला असता. मी गप्प बसलो. चार दिवस ती गँग समोर होती. चारही दिवस मी पाण्याचा माठ बाहेर ठेवला. माठ ठेवून सुटायला बघणारा माणूस मी.

माझ्यात मग काय बदल झाला म्हणाल? नोकरी सोडली नाही. पुठ्ठा फाडला नाही. फक्त त्या दिवसापासून कुणी सरकारी नोकरी म्हटलं की मी एक प्रश्न वाढवला, 'कायम की मस्टरवर?' म्हणजे एका पोरीचा हात गेला त्यातून मी एवढंच शिकलो, की माणसं जास्त बारकाईनं जोखावीत. हे लिहिताना मला माझीच किळस येते.

लोक म्हणतात, श्रीमंताकडून जास्त घेऊन गरिबाला स्वस्तात करायचे, त्यात वाईट काय? मीही तेच म्हणायचो. मग ते उघड का नव्हतं? भिंतीवर तीन रकाने लिहून 'ज्याची जशी ऐपत तसे द्यावे' असं का लिहिलं नाही? त्या भिंतीवर पहिला रकाना असता तर निकाळजेनं कोट काढून खांद्यावर टाकला असता आणि तीन हजार मोजून दिले असते. झाकून केलेली दया कुणाच्या वाट्याला जाईल हे ठरवणारा कोण? तर मी. बी.कॉम. नापास, पेन हातात, आणि समोरच्याच्या धोतराकडं नजर.

परवा गुडघा दाखवायला एका नव्या दवाखान्यात गेलो. दरपत्रक लावलं पाहिजे असं आता म्हणतात, म्हणून शोधलं. होतं. रबराच्या झाडाच्या कुंडीमागं. फांद्या बाजूला करून वाचलं. केसपेपरचे पैसे लिहिले होते, खोलीचं भाडं लिहिलं होतं. ऑपरेशनपुढं लिहिलं होतं, 'डॉक्टरांशी चर्चा करावी.' खिडकीतला तरुण मोठा गोड होता. "बाबा, गाव कुठलं तुमचं? मुलं काय करतात?" म्हणाला. मी गुडघा न दाखवताच घरी आलो.

त्याच आठवड्यात एसटीनं खर्ड्याला गेलो. किल्ल्याच्या बाजूनं विचारत विचारत निकाळज्यांचं घर सापडलं. गौतम निकाळजे चार वर्षांपूर्वी वारले होते. वैशाली माहेरीच होती. आता पंचेचाळिशीची, गावातल्या अंगणवाडीत मदतनीस. दारात तिनं मला चटई टाकली, ती डाव्या हातानं. उजवा हात कोपरात तसाच वाकलेला, पोटाशी.

मी कोण ते सांगितलं. तिला खिडकी आठवत होती, मी नाही. मग मी सगळं सांगितलं. पुठ्ठा, टिंब, रेघ, गोल. तिच्या गावाला मी गोल केला होता ते. अडीच हजार आणि सात हजार. ती शेवटी म्हणाली,

"म्हणजे तुमच्या हातनं चूक झाली. टिंबाच्या जागी गोल पडला."

"हो."

"आणि समजा, माझा बाप खरंच साहेब असता. मग सात हजार बरोबर हुते का, काका? हाड तर तेच हुतं."

तीस वर्षं मी माझी चूक चुकीच्या खुणेत शोधत होतो. चूक मुळात खूण करण्यातच होती, हे तिनं दाखवून दिलं.

ती उठून आत गेली. मला वाटलं, आता जायला सांगेल. ती पाणी घेऊन आली. समोर बसली आणि भिंतीवरच्या वडिलांच्या फोटोकडं बघू लागली.

"हाताचं मी कधीच सोडून दिलं," ती म्हणाली. "पण माझ्या बापानं मरेपर्यंत एकच धरलं हुतं. 'पोरी, मी तुला कमी पडलो. चार हजारांनी कमी पडलो.' शेवटच्या दुखण्यात बी तेच. दवाखान्यात न्यायचं म्हटलं की म्हनायचा, नको, पुन्हा कमी पडन." तिचा आवाज चढला. "आणि माणूस कमी पडलाच नव्हता! पाचशे रुपये उरत हुते त्याच्याकडं!"

"मी चुकलो," मी म्हणालो. "तुझी माफी मागायला आलोय."

"माफी तोंडी नका मागू, काका. तोंडी भावानंच आमचं वाटोळं झालं. लिहून द्या."

"काय लिहू?"

"माझ्या बापाचा भाव किती हुता ते. आणि माझ्याकडं एकटीकडं देऊन उपेग न्हाई. चार लोकांनी वाचलं पाहिजे."

म्हणून या दिवाळी अंकात लिहिलं. बाकीचं सगळं प्रस्तावना समजा. जो कागद मी त्या सकाळी खिडकीत द्यायला हवा होता, तो असा:

पेशंट वैशाली गौतम निकाळजे, वय सतरा, गाव खर्डा. उजव्या कोपराचं तारेचं ऑपरेशन. औषधं, फोटो आणि खोलीसह एकूण खर्च अडीच हजार रुपये. वडिलांनी सोबत आणलेले, तीन हजार रुपये.

गौतम निकाळजे आपल्या मुलीला कमी पडले नाहीत. त्यांना भाव सांगितला गेला नाही. न सांगणारा मी.